उत्तर काढू नका, माहिती पुरते का ते सांगा!

बालमित्रांनो, आज एक मजेशीर प्रकार घेऊ. गणित आहे, पण उत्तर काढायचंच नाही! दिलेल्या माहितीवरून उत्तर निघेल की नाही, एवढंच सांगायचं. एमबीएच्या प्रवेशासाठी 'जीमॅट' नावाची परीक्षा असते, तिच्यात असे प्रश्न विचारतात. प्रश्नाखाली दोन विधानं असतात. फक्त पहिलं पुरतं, फक्त दुसरं पुरतं, दोन्हींपैकी कुठलंही एक पुरतं, दोन्ही मिळून पुरतात, की दोन्ही मिळूनही पुरत नाहीत? पाचांपैकी एक पर्याय निवडायचा.

कागदावर एक आडवी रेषा काढा. तिच्यावर डावीकडून अ, ब, क, ड असे चार बिंदू याच क्रमाने घ्या. अब : कड हे गुणोत्तर किती?

विधान १ : अक = बड.
विधान २ : बक = ४ सेंमी.

आमच्या वर्गात हे घातलं, तर निम्मी मुलं दुसऱ्या विधानावर झडप घालतील. तिथे आकडा दिसतो ना! पण बक चार सेंटिमीटर आहे यावरून अब आणि कडबद्दल काय कळलं? काहीच नाही. पहिल्या विधानात एकही आकडा नाही. तरी बघा हं. अक म्हणजे अब अधिक बक. बड म्हणजे बक अधिक कड. दोन्हींत बक सामाईक आहे, तो दोन्हीकडून वजा करा. उरलं काय? अब = कड! गुणोत्तर १ : १. मग रेषा बोटभर असो की गावाच्या वेशीपर्यंत गेलेली. पहिलं विधान एकटंच पुरतं. लांबी दिलेली नाही म्हणून लगेच 'माहिती अपुरी' लिहायचं नाही, कारण गुणोत्तराला सेंटिमीटर लागतातच असं नाही.

पुढचं उदाहरण खोडकर आहे. अ, ब, क हे एका रेषेवरचे तीन वेगवेगळे बिंदू. अब : बक किती?

विधान १ : अब : अक = २ : ५.
विधान २ : क हा बिंदू अ आणि ब यांच्या मध्ये नाही.

'अबचे २ भाग, अकचे ५, मग बकचे ३. उत्तर २ : ३. सोप्पं!' असं म्हणालात ना? थांबा. बिंदूंचा क्रम कुणी सांगितला? ब हा अच्या पलीकडे, कच्या विरुद्ध बाजूला असला तर? मग बकचे होतात २ + ५ = ७ भाग आणि गुणोत्तर २ : ७. दोन उत्तरं निघाली, म्हणजे माहिती अपुरी. दुसरं विधान मदतीला येईल असं वाटतं, पण ते नुसतं सोंग आहे. अक हा अबपेक्षा मोठा, तेव्हा क मध्ये असूच शकत नाही. हे पहिल्या विधानातच दडलेलं होतं! नवीन काही कळलंच नाही. दोन्ही मिळूनही पुरत नाहीत.

आता माझं सर्वांत आवडतं. ब हा अ आणि क यांच्या मध्ये आहे. विधान एकच : अक : अब = अब : बक. अब : बक ठरेल का?

वाटतं, छे, इथे तर काहीच दिलेलं नाही. पण ब हा मणी आहे असं समजा आणि तो अकडून ककडे हळूहळू सरकवा. अब वाढत जातो, म्हणून पहिलं गुणोत्तर उतरत जातं. बक लहान होत जातो, म्हणून दुसरं चढत जातं. एक खूप वरून खाली येतंय, दुसरं शून्याजवळून वर जातंय. त्यांची गाठ पडणार, आणि एकदाच पडणार! म्हणजे ब ची जागा पक्की. हे एकच विधान पुरतं. उत्तर सुमारे १.६१८ : १ येतं, पण ते काढायची गरजच नाही. रेषाखंडाच्या या विभागणीची व्याख्या ग्रीक गणिती युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास 'एलेमेंट्स' ग्रंथाच्या सहाव्या भागात दिली आहे. पुढे याला सुवर्ण गुणोत्तर म्हणू लागले.

एक तुमच्यासाठी. अ, ब, क, ड याच क्रमाने आहेत. अब : बक किती?

विधान १ : अब : बड = १ : ३.
विधान २ : अक = कड.

पेन्सिल बाजूला ठेवा. कागदाची एक लांब पट्टी घ्या. तिला बरोबर मध्ये घडी घाला, मग आणखी एकदा. आता पट्टी उलगडून घड्यांकडे नीट बघा.