रोबस्ट मोड लावला की घरभर सिग्नल?

डिजिटल टीव्हीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "प्रक्षेपणात रोबस्ट मोड असतो. तो लावला तर तळमजल्याच्या आतल्या खोलीतही चित्र येईल, पण हे लोक लावतच नाहीत." जणू मनोऱ्याखाली एक खटका आहे आणि कुणीतरी तो मुद्दाम दाबत नाही. हे इतक्या ठामपणे सांगितलं जातं की आता आकडेच मांडायला हवेत.

रोबस्ट मोडने सिग्नलची ताकद वाढत नाही. माहिती कमी पाठवली जाते, एवढंच. युरोपच्या डीव्हीबी-टी मानकात 64-क्यूएएम पद्धतीने प्रत्येक वाहक लहर एका खेपेला 6 बिट नेते. मोजणी-यंत्राच्या पडद्यावर आठ ओळींत आठ-आठ ठिपके दिसतात. नॉईज मिसळला की ठिपके फुगतात, शेजारच्यांना चिकटतात आणि कुठला ठिपका होता हे सेटला ओळखू येत नाही. क्यूपीएसके या सर्वांत रोबस्ट पद्धतीत ठिपके चारच, ऐसपैस अंतरावर. नॉईज खूप सोसतो, पण बिट मिळतात फक्त 2, आणि त्यातलेही निम्मे चुका दुरुस्त करण्यासाठी राखायचे. मानकातल्या तक्त्यानुसार 8 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात 64-क्यूएएम (कोड दर 2/3) सेकंदाला 24.13 मेगाबिट नेते, तर क्यूपीएसके (1/2) 6.03. तीन चतुर्थांश क्षमता गेली!

बदल्यात साधारण 13 डेसिबल मिळतात, म्हणजे वीसपट कमकुवत सिग्नलही चालतो. ही कमाई मोठी आहे, पण घराच्या आत शिरायला ती पुरत नाही. 2006च्या जिनिव्हा करारात नियोजनासाठी धरलेले आकडे पाहा. अँटेना दहा मीटर उंचीवरून दीड मीटरवर उतरली की 500 मेगाहर्ट्झला 16 डेसिबल घट, आणि भिंतीतून आत येताना सरासरी आणखी 8. एकूण 24, म्हणजे अडीचशे पट! गच्चीवरच्या अँटेनाला जेमतेम मिळणारा सिग्नल खाली खोलीत कुठल्या मोडने दिसणार?

ब्रिटनने हा प्रयोग करून पाहिला आहे. 2002मध्ये आयटीव्ही डिजिटल ही सशुल्क टीव्ही कंपनी बुडाली आणि फ्रीव्ह्यू ही मोफत सेवा सुरू झाली. अ‍ॅनालॉग सेवेला त्रास नको म्हणून डिजिटलची शक्ती तेव्हा कमी ठेवावी लागे, आणि अनेक घरांत चित्र तुटत असे. म्हणून सहापैकी चार मल्टिप्लेक्स (एका फ्रीक्वेन्सीवर एकत्र बांधलेल्या वाहिन्यांचे गठ्ठे) 16-क्यूएएमवर आणले. सुमारे 4 डेसिबल मिळाले आणि 24 मेगाबिटचे 18 झाले. त्या परिस्थितीत निर्णय योग्यच होता. पण 2012पर्यंत अ‍ॅनालॉग बंद होत गेलं, शक्ती वाढवता आली (लंडनच्या क्रिस्टल पॅलेसहून 200 किलोवॅट), तेव्हा त्या चारांपैकी बहुतेक मल्टिप्लेक्स पुन्हा 64-क्यूएएमवर गेले. खटका खरोखर फुकट असता तर तो कुणी परत का फिरवला असता?

याच माळेतले आणखी काही गैरसमज.

रोबस्ट मोडमध्ये चित्र सुधारतं: उलट, वाहिन्यांची संख्या तीच ठेवली तर प्रत्येकीच्या वाट्याला बिट कमी येतात.

चित्र एकदम गायब होणं थांबतं: थांबत नाही, ती वेळ फक्त थोड्या आणखी कमकुवत सिग्नलवर येते.

जुने सेटही फायदा घेतात: अमेरिकेने 2004मध्ये ई-व्हीएसबी हा रोबस्ट मोड स्वीकारला, पण त्यातली माहिती जुन्या सेटना उलगडत नव्हती. मुख्य कार्यक्रम नेहमीच्या मोडमध्येच ठेवणं भाग होतं.

डीव्हीबी-टी2 या पुढच्या मानकात ही अडचण उरलेली नाही: त्याचे कोड खरोखरच सरस आहेत, ब्रिटनची एचडी सेवा त्यावर 40 मेगाबिट नेते. पण ठरावीक पट्ट्यात आणि नॉईजमध्ये किती माहिती नेता येते याची क्लॉड शॅनन यांनी 1948मध्ये मांडलेली मर्यादा त्यालाही ओलांडता येत नाही.

पावसात डिश बंद पडते, तिथे तरी हा मोड लावावा: मुसळधार पावसात होणारी घट काही डेसिबलच्या कमाईला सहज पुरून उरते. शिवाय लाखो घरांना एकच प्रक्षेपण जातं, तेव्हा पाऊस एका गावात असला तरी क्षमता सगळ्यांचीच कमी होते.