भूकंपानंतर मुलं कुठं गेली?

सिव्हिलच्या पोराला किल्लारी माहीत नाही, असं होतच नाही. नांदेडच्या आमच्या कॉलेजात भूकंपाचा विषय निघाला की सर आधी फळ्यावर माळवदाचं घर काढतात. दगड-मातीच्या जाडजूड भिंती, वर लाकडी माळवद, त्यावर मातीचा जड थर. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती विसर्जन करून गावं गाढ झोपलेली. लातूर आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यांत मिळून सुमारे १० हजार माणसं गेली. ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. एवढं आम्ही व्हायव्हात धडाधड सांगतो आणि मार्क घेऊन बाहेर पडतो.

गेल्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा हेच सगळं मी आईला मोठ्या उत्साहात सांगत होतो. आई तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भिंती कशा पडल्या ते शिकवतेत. मागं राहिलेल्या लेकरांचं काय झालं, ते शिकवतेत का रे?"

मी गप्प! कारण माझी आई त्याच लेकरांतली एक. औसा तालुक्यातल्या एका गावात तेव्हा ती ११ वर्षांची होती आणि मामा ७ वर्षांचा. आई-वडील दोघंही त्या रात्री गेले. हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण १ ऑक्टोबरला सकाळी या दोघांनी काय केलं, कुणाकडे गेले, हे मी कधी विचारलंच नव्हतं. त्या दिवाळीत विचारलं. नंतर थोडं वाचलं, मामाला फोन केला. त्यातून हा लेख झाला.

पहिला प्रश्न : हे लेकरू कुणाचं?

आपत्तीनंतर एकटं मूल दिसलं की आपल्याला पहिल्यांदा काय सुचतं? खायला द्यावं, कपडे द्यावेत, कुणीतरी घरी घेऊन जावं. यातलं पहिलं आणि दुसरं बरोबर, तिसरं मात्र घाईनं करायचं नाही. एकटं दिसणारं प्रत्येक मूल अनाथ नसतं. किल्लारीच्या वेळी जखमींना लातूर, सोलापूर अशा वेगवेगळ्या ठिकाणच्या दवाखान्यांत हलवलं होतं. अशा गोंधळात मूल एका गावात आणि आई दुसऱ्या शहरात बेशुद्ध, असं सहज होऊ शकतं. त्या मुलाला कुणी दयेपोटी दूर नेलं तर जिवंत आईचं मूल कायमचं अनाथ होऊन बसतं!

म्हणून पहिलं काम नोंदीचं. नाव, गाव, वय, कुणी आणलं, कुठं सापडलं, भावंडं किती. भावंडं असतील तर ती शक्यतो एकत्र ठेवायची. जगभर युद्धात आणि आपत्तीत एकट्या पडलेल्या मुलांसाठी काम करणारे याच क्रमानं जातात : आधी नोंद, मग घरच्यांचा शोध, तोवर सुरक्षित निवारा. घरचे सापडलेच नाहीत तरच कायमच्या सोयीचा विचार.

किल्लारीनंतर उभी राहिलेली घरं

कायमची सोय एकाच तऱ्हेची नसते, हे मला वाचताना कळलं. आपल्याच भागातली तीन उदाहरणं सांगतो.

पहिलं पुण्याचं. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं सुमारे १२०० भूकंपग्रस्त मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. त्यांच्यासाठी वाघोलीत शाळा आणि वसतिगृह असलेला शैक्षणिक पुनर्वसन प्रकल्प उभा राहिला. पुढे मेळघाटातली आदिवासी मुलं आणि आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची मुलंही तिथं शिकली. म्हणजे एका भूकंपासाठी केलेली सोय नंतरच्या संकटांनाही उपयोगी पडली.

दुसरं नळदुर्गजवळचं 'आपलं घर'. राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी, पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकारानं ते उभं केलं. मुलांना आपल्या भागातच, आपल्या बोलीत आणि नातेवाइकांच्या जवळ ठेवायचं, हा त्याचा मोठा फायदा. चुलता, मामा, आजी एसटीनं येऊन भेटून जाऊ शकतात.

तिसरं लातूरचं एसओएस बालग्राम. ही पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियात सुरू झाली. हेरमान ग्माइनर यांनी १९४९ मध्ये इम्स्ट गावी पहिलं बालग्राम काढलं. यात मोठा हॉल आणि ओळीनं पन्नास कॉट असा प्रकार नसतो. लहान लहान घरं, प्रत्येक घरात एक आई आणि वेगवेगळ्या वयाची मुलं, भावंडांसारखी राहणारी.

चौथा पर्याय सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत जास्त वापरला जाणारा : नातेवाईक. त्याचा हिशोब मात्र कुणी ठेवत नाही.

त्याही आधी, कोल्हापुरात...

महाराष्ट्राला हा प्रश्न १९९३ मध्ये पहिल्यांदा पडला, असंही नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सोव्हिएत सत्तेनं पोलंडमधून सैबेरियाकडे हाकलून नेलेली हजारो माणसं १९४१ नंतर सुटली. त्यांतली काही इराणमार्गे भारतात आली. त्यांत आई-बाप गमावलेली मुलं खूप होती. नवानगरचे (जामनगर) जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ मध्ये बालाचडीला या मुलांसाठी छावणी उभारली. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे इथं सुमारे ५ हजार पोलिश निर्वासित राहत होते, मुख्यतः बायका आणि मुलं. १९४६ मध्ये बालाचडीची छावणी बंद झाली तेव्हा तिथली मुलंही वळिवड्याला आली.

वळिवड्यात नुसत्या बराकी नव्हत्या. पोलिश भाषेतल्या शाळा होत्या, चर्च होतं, स्काउट होते, नाटकं होत होती. परक्या मुलखातही मुलांची भाषा, शिक्षक आणि सण त्यांच्यासोबत राहिले. त्या मुलांनी म्हातारपणापर्यंत कोल्हापूरची आठवण ठेवली. वॉर्सात आज कोल्हापूरचं स्मारक आहे आणि जामसाहेबांच्या नावानं 'भल्या महाराजांचा' चौक आहे. छप्पर तर अनेकांनी दिलं असतं. आठवण राहिली ती आपलेपणाची.

ताई आणि भाऊ

आता परत घरी येतो. आईला तिच्या आत्यानं नेलं. मामाला नेण्याइतकी आत्याची ऐपत नव्हती, म्हणून तो दूरच्या शहरातल्या एका वसतिगृहात गेला. दिवाळीत आणि मे महिन्यात तेवढी दोघांची भेट व्हायची.

मामा पहिलीपासून बारावीपर्यंत शिकला, पुढे डिप्लोमा केला, आज नोकरीत आहे. पण पहिली दोन वर्षं रोज रात्री पांघरुणात तोंड घालून रडायचो, असं त्यानं मला फोनवर पहिल्यांदाच सांगितलं. दिवाळीला आला की त्याला गावातल्या माणसांची नावं आठवायची नाहीत. पाहुणा आल्यासारखं वाटायचं म्हणे.

आईला मात्र माणसं मिळाली. आत्यानं पोटच्या लेकीसारखं वाढवलं, लग्न लावून दिलं, माझ्या जन्मालाही आत्याच जवळ होती. पण घरात पाच तोंडं, त्यात ही सहावी. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. आई आत्याला दोष देत नाही, मीही देत नाही. तिच्याकडे पैसेच नव्हते. पण माझं पुस्तक हातात घेऊन आई कधीकधी नुसती पानं उलटत बसते, त्याचं कारण मला आता कळलं.

मामा म्हणाला, "मला शाळा मिळाली, ताईला माणसं मिळाली. दोन्ही एकाला मिळायला पाहिजे होतं."

या विषयात मला कळलेली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट हीच. संस्था चांगली की नातेवाईक, असा वाद घालून उपयोग नाही. संस्थेत मूल असेल तर त्याची गावाशी आणि भावंडांशी गाठ टिकवायची. नातेवाइकाकडे असेल तर त्या घराला मुलाच्या शाळेपुरती मदत द्यायची. दोन्हीकडे जे कमी पडतं ते बाहेरून भरून काढायचं.

आता कायदा काय सांगतो?

बाल न्याय कायदा, २०१५ हा याच विचारावर उभा आहे. सांभाळणारं कुणी नसलेलं किंवा नैसर्गिक आपत्ती वा सशस्त्र संघर्षात सापडलेलं मूल 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक' ठरतं. ते सापडल्यापासून २४ तासांच्या आत (प्रवासाचा वेळ सोडून) जिल्ह्याच्या बालकल्याण समितीसमोर हजर करावं लागतं. समिती चौकशी करते आणि घरच्यांकडे परत पाठवण्याचा प्रयत्न आधी होतो. बालगृह हा शेवटचा उपाय, असं कायद्यातच म्हटलं आहे. भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, पण या कायद्यात बालक म्हणजे १८ वर्षं पूर्ण न झालेली व्यक्ती. त्या व्याख्येत नागरिकत्वाची अट नाही.

नातेवाइकांकडे राहणाऱ्या मुलांसाठी महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. २०२३ पासून तिची रक्कम दरमहा २,२५० रुपये झाली. आईच्या आत्याला त्या काळी असं काही हाती पडलं असतं तर... असो! १८ वर्षांनंतर बालगृहातून बाहेर पडणाऱ्यांसाठी २१ वर्षांपर्यंत अनुरक्षणगृहाची सोय आहे. शिवाय २०१८ मध्ये राज्यानं अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत १ टक्का आरक्षण दिलं. म्हणजे आपल्या वर्गातही असा कुणी मित्र असू शकतो. सुट्टी लागली की आपण "चल, घरी कधी निघतोस?" असं सहज विचारतो. त्याला ते सोपं नसतं.

आपण काय करायचं?

कोरोनाच्या काळात, २०२१ मध्ये, "आई-वडील गेलेली दोन लहान मुलं आहेत, कुणाला दत्तक हवी असतील तर संपर्क करा" असे मेसेज सगळीकडे फिरत होते. आपल्यापैकी अनेकांनी चांगल्या भावनेनं ते पुढे पाठवले. मीही पाठवला होता. असं परस्पर मूल देणं-घेणं बेकायदेशीर आहे आणि त्यातून मुलं विकलीही जाऊ शकतात. मूल दत्तक देण्यासाठी मोकळं आहे की नाही, हे बालकल्याण समितीच ठरवते.

तेव्हा नांदेडच्या स्टेशनवर किंवा लातूरच्या बसस्टँडवर एकटं मूल दिसलं तर फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. १०९८ ला फोन लावा. हा नंबर २४ तास चालतो आणि फुकट आहे. स्टेशनवर रेल्वे पोलिसांना सांगा आणि कुणी येईपर्यंत त्या मुलाजवळ थांबा. गाडी चुकली तर चुकू द्या.

लेख लिहून झाल्यावर आईला फोनवर वाचून दाखवला. तिनं एकच दुरुस्ती सांगितली. मी "आत्यानं नेलं" असं लिहिलंय. आई म्हणाली, "नेलं नाही रे. मला विचारलं, येतीस का म्हणून. त्या आठ दिवसांत मला काही विचारणारी ती एकटीच होती."

ती दुरुस्ती मी वर केलेली नाही. मुद्दाम इथं, शेवटी लिहिली आहे.