पडद्यावरील जागत्या जागा

(जुन्या पद्धतीच्या संगणकीय पडद्यावर माऊस कसा चालवता येतो आणि त्यासाठी कोणती काळजी घ्यावी लागते, हे या पाठात सांगितले आहे.)

जालना रेल्वे स्थानकावरील आरक्षणाची खिडकी तुम्ही पाहिली असेल. तुमच्या जागेची नोंद त्या खिडकीत राहत नाही. ती दूरच्या एका मोठ्या संगणकात होते. जालना स्थानक दक्षिण मध्य रेल्वेत येते. या रेल्वेचे आरक्षण केंद्र सिकंदराबाद येथे उभे राहिले. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाच केंद्रे १९९९ साली एकमेकांना जोडली गेली.

दूरच्या संगणकाशी बोलण्यासाठी पूर्वी पडदा आणि कळफलक असलेले एक साधे यंत्र वापरत. त्याला टर्मिनल म्हणतात. १९७८ साली आलेले व्हीटी-१०० हे टर्मिनल फार प्रसिद्ध झाले. त्याच्या पडद्यावर २४ ओळी आणि प्रत्येक ओळीत ८० अक्षरे मावत. म्हणजे अक्षरांची १९२० घरे झाली. माऊस १९६८ सालीच लोकांना दाखवला गेला होता. पण या टर्मिनलला तो नव्हता. सारे काम कळा दाबूनच करावे लागे.

पुढे टेबलावरचे संगणक आले. टर्मिनलची हुबेहूब नक्कल करणारी आज्ञावली त्यांत घालता येऊ लागली. तिला टर्मिनल इम्युलेटर म्हणतात. दूरच्या संगणकाला वाटते, समोर जुने टर्मिनलच आहे! आता हाताशी माऊस होता. पण दूरच्या संगणकाला माऊसची भाषा कळत नव्हती. मग काय करावे?

यावर एक युक्ती निघाली. समजा, बियाण्यांच्या एका गोदामाचा हिशेब अशा पडद्यावर आहे. खालच्या ओळीत ‘एफ-३ = मागे’ असे लिहिले आहे. तुम्ही ‘एफ-३’ या अक्षरांवर क्लिक करता. इम्युलेटर प्रथम पाहतो, की क्लिक कितव्या ओळीत आणि कितव्या घरात झाली. मग तो तेथील शब्द वाचतो. तो शब्द आपल्या यादीत सापडला, तर तो एफ-३ ही कळ दाबल्याचा संदेश पाठवतो. दूरच्या संगणकाला वाटते, कोणी कळच दाबली. क्लिकला अशी दाद देणाऱ्या जागेला हॉटस्पॉट म्हणतात. आपण तिला ‘जागती जागा’ म्हणू.

जागत्या जागा दोन प्रकारे ठरवतात. पहिला प्रकार शब्दावरून. ‘एफ’ आणि त्यापुढे अंक दिसला, की ती जागा जागी होते. दुसरा प्रकार ठिकाणावरून. अमुक ओळीतील अमुक घरे नेमून देतात. तुम्ही उर्दू उजवीकडून डावीकडे लिहिता; येथे मात्र घरे मराठीप्रमाणे डावीकडून मोजतात, हे लक्षात ठेवा.

दोन्ही प्रकारांत धोका आहे. समजा, ‘कोणताही अंक जागा समजावा’ असा नियम तुम्ही केला. पडद्यावर ‘३. नोंद रद्द करा’ अशी एक सूचना आहे. खाली पोत्यांच्या संख्येतही ३ हा अंक आहे. संख्या सुधारण्यासाठी तुम्ही त्या ३ वर क्लिक केली, तर काय होईल? संगणकाकडे ‘३’ जाईल आणि एखाद्या शेतकऱ्याच्या मालाची नोंद रद्द होईल. इम्युलेटर अक्षरे ओळखतो. त्यांचा अर्थ त्याला कळत नाही. म्हणून नियम नेमका करावा. अंकापुढे टिंब असेल आणि तो सूचनांच्याच ओळींत असेल, तरच ती जागा जागी व्हावी.

ठिकाणावरून ठरवलेली जागा वेगळ्या प्रकारे फसवते. दूरच्या संगणकावरील पडद्याची मांडणी बदलली, तर शब्द सरकतो. जागती जागा मात्र तेथेच राहते. म्हणून मांडणी बदलली, की प्रत्येक जागा पुन्हा तपासावी.

आणखी दोन गोष्टी कराव्यात. एका क्लिकऐवजी जोडक्लिक ठेवावी, म्हणजे चुकून बोट लागल्यास संदेश जाणार नाही. आणि रद्द करणे, पुसून टाकणे अशी कामे जागत्या जागांवर सोपवू नयेत. ती कळफलकानेच करावीत. हात थोडा थांबतो, तेवढ्यात मन विचार करते.

वेळ वाचवणे चांगले आहे. पण आपल्या क्लिकमागे कोणाचे तरी तिकीट, कोणाचा तरी माल असतो, हे विसरू नये.

शब्दार्थ
कळफलक – कळांची पाटी
आज्ञावली – संगणकाला दिलेल्या सूचनांचा संच
हुबेहूब – अगदी तशीच
दाद देणे – प्रतिसाद देणे
नेमका – अचूक

स्वाध्याय
१. व्हीटी-१०० च्या पडद्यावर अक्षरांची किती घरे होती?
२. जागत्या जागा ठरवण्याचे दोन प्रकार कोणते?
३. ‘नोंद रद्द करणे’ हे काम कळफलकानेच का करावे? तुमच्या शब्दांत लिहा.