खोपोलीचे वीजघर: घाटावरून उतरलेली वास्तू

खोपोलीच्या जलविद्युत केंद्राचा वास्तू म्हणून विचार करताना वीजघराच्या दारापासून सुरुवात केली, तर तिचा मोठा भाग नजरेआडच राहतो. कारण ही वास्तू लोणावळ्याच्या पठारावरील वळवण, लोणावळा आणि शिरोता या तलावांपाशी सुरू होते आणि पाचशे मीटरांहून अधिक खाली, पाताळगंगेपाशी संपते. एरवी इंद्रायणीवाटे भीमेला मिळणारे पावसाचे पाणी अडवून ते कोकणाच्या बाजूला उतरवायचे आणि त्यावरची वीज मुंबईच्या कापडगिरण्यांना पुरवायची, या योजनेसाठी टाटांनी १९१० मध्ये कंपनी स्थापन केली व १९१५ मध्ये केंद्र सुरू झाले.

तलावांचे पाणी घाटमाथ्यावर आणून पोलादी दाबनळांतून खाली सोडले जाते. नळ जसजसा खाली येतो तसतसा आतला दाब वाढतो आणि तळाशी तो हवेच्या दाबाच्या सुमारे पन्नासपट होतो. म्हणूनच अशा नळांचा पत्रा खालच्या टप्प्यांत जाड ठेवतात आणि वळणांवर नळ जागचा हलू नये यासाठी त्याला अवजड ठोकळ्यांत जखडतात. उतारावरची ही रांग कोणी शोभेसाठी आखलेली नाही, तरीही डोंगराचा चढ इतक्या स्पष्टपणे दाखवणारी दुसरी रेषा या घाटात क्वचितच सापडेल.

खाली पाणी नोझलमधून, म्हणजे निमुळत्या तोटीतून, सेकंदाला सुमारे शंभर मीटर वेगाने बाहेर पडते आणि पेल्टन चक्राच्या कडेला बसवलेल्या जोडवाट्यांवर आदळते. प्रत्येक जोडीच्या मधोमध असलेली धारदार कड झोताचे दोन भाग करते. दोन्ही भाग वाट्यांतून वळून जवळजवळ उलट दिशेने बाहेर पडतात आणि या वळण्यातच आपली बहुतेक ऊर्जा चक्राला देऊन खाली गळतात. विजेची मागणी एकाएकी घटली, तरी तोटी झटक्यात बंद करता येत नाही, कारण थांबवलेल्या पाण्याचा धक्का नळच फोडू शकतो. त्यामुळे आधी एक पाते आडवे येऊन झोत चक्रावरून बाजूला वळवते आणि मग तोटीतली सुई सावकाश पुढे सरकून तोटी बंद करते. या केंद्राच्या रचनेतला सर्वांत देखणा विचार बहुधा हाच असावा.

वीजघराचे दालन लांब असते ते यंत्रे ओळीने बसवण्यासाठी आणि उंच असते ते दुरुस्तीच्या वेळी अवजड चक्र किंवा जनित्राचा भाग उचलणाऱ्या क्रेनसाठी. तिचे रूळ दोन्ही लांब भिंतींलगत उंचावर असल्याने तेथील खांबांना छपराबरोबर क्रेनचाही भार पेलावा लागतो.

मूळ यंत्रे पुढे बदलली गेली आणि आज केंद्राची क्षमता ७२ मेगावॉट आहे. यंत्रे अशी बदलत राहणार. त्यामुळे वारसा म्हणून नोंद करायची असेल, तर ती केवळ वीजघराची न करता तलाव, दाबनळ आणि वीजघर या तिन्हींची एकत्र करायला हवी.