जिवाणूंचे अंश, मूलपेशी आणि मेंदूची इजा

कारणाशिवाय कार्य नाही, ही तथागतांच्या धम्माची पायाभूत शिकवण होय. एकच वस्तू परिस्थितीनुसार निरनिराळे परिणाम घडविते. आधुनिक वैद्यकातील एका संशोधनात याचे बोलके उदाहरण आढळते. जिवाणूंचे विषारी अंश वापरून मेंदूच्या इजेवरील मूलपेशी-उपचार अधिक परिणामकारक करता येतील काय, याचा शोध शास्त्रज्ञ घेत आहेत. माजी विद्यार्थी व पालक यांच्यासाठी तो विषय आम्ही येथे थोडक्यात मांडीत आहोत.

अपघातात डोक्यास जबर मार लागला की पहिली हानी तत्क्षणी होते. परंतु पुढील काही तास व दिवस मेंदूला सूज येते, दाह वाढतो आणि आघातातून वाचलेल्या चेतापेशीही नष्ट होऊ लागतात. ही दुसरी हानी रोखण्यासाठी अस्थिमज्जेतील विशिष्ट मूलपेशी उपयोगी पडतील, अशी आशा आहे. या पेशी नव्या चेतापेशी बनतात असा सर्वसाधारण समज असला, तरी त्यांचे कार्य मुख्यतः त्यांतून स्रवणाऱ्या द्रव्यांमुळे घडते. ही द्रव्ये दाह शमवितात व जखमी पेशींना आधार देतात. अडचण अशी की, शिरेतून दिलेल्या बहुतेक मूलपेशी फुप्फुसांतच अडकतात आणि पुष्कळशा लवकर मरतात.

येथे जिवाणूंचा संबंध येतो. 1892 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ रिचर्ड फायफर यांनी पटकीच्या जिवाणूंचा अभ्यास करताना दाखवून दिले की, मृत जिवाणूंच्या देहातही विष असते. अनेक जिवाणूंच्या बाह्य आवरणातील हा घटक पुढे लिपोपॉलिसॅकराइड म्हणून ओळखला गेला. रक्तात शिरल्यास तो प्राणघातक ठरू शकतो. आपल्या पेशी तो ‘टीएलआर-4’ नामक ग्राहीद्वारे ओळखतात, हे ब्रूस बॉयटलर यांनी 1998 मध्ये शोधले. 2011 च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. मूलपेशींवरही हा ग्राही असतो. म्हणून त्या शरीरात सोडण्यापूर्वी प्रयोगशाळेतील पात्रात त्यांना या विषाची अल्प मात्रा अल्पकाळ दिली जाते. संकटाची चाहूल लागलेल्या पेशी अधिक चिवट होतात व हितकर द्रव्ये अधिक स्रवतात, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे.

मात्र 2010 मध्ये अमेरिकी संशोधकांना उलटेही आढळले. टीएलआर-4 द्वारे चेतविलेल्या मूलपेशी दाह वाढविणाऱ्या, तर टीएलआर-3 द्वारे चेतविलेल्या दाह शमविणाऱ्या ठरल्या. म्हणजे कोणता अंश, किती मात्रेत आणि किती काळ, यावरच औषध की विष हे ठरते. हे संशोधन अद्याप मुख्यतः प्रयोगशाळेत व प्राण्यांवर चालू आहे.

हे सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते, कारण घरचा कर्ता माणूस अंथरुणाला खिळला की कुटुंब शेत विकून, कर्ज काढून कोणत्याही आशेमागे धावते. जपानने 2024 मध्ये मेंदूच्या जुन्या इजेवरील एका मूलपेशी-उत्पादनास मान्यता दिली. तीही सशर्त व मुदतबंद. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्तविकारांसारख्या काही आजारांतील मान्य प्रत्यारोपण वगळता, मूलपेशींचा वापर केवळ मंजूर चाचण्यांतच व्हावा. म्हणून ‘ही चाचणी अधिकृत नोंदवहीत आहे काय? मंजुरी कोणाची? पैसे कशाचे?’ हे प्रश्न निर्भयपणे विचारावेत.

कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, असा उपदेश भगवंतांनी कालामांना केला. दवाखान्याच्या दारातही आपल्या बांधवांनी तो विसरू नये, हीच अपेक्षा.