आवाज येतो, शब्द येत नाही

आमच्या अब्बांनी इचलकरंजीत तीस वर्षं यंत्रमाग चालवले. धोट्याच्या खडखडाटात बोलायचं तर शेजाऱ्याच्या कानाशी तोंड न्यावं लागे. घरीही ते ओरडूनच बोलत. आम्हाला वाटे, अब्बा कायम रागावलेले. मी ‘साखर’ म्हटलं की ते ‘भाकर’ समजत. आम्ही हसायचो. त्या हसण्याची आज लाज वाटते.

मी कवी, डॉक्टर नव्हे. पण अब्बांपायी थोडं समजून घेतलं. आवाज कानाच्या पडद्यावर आदळतो. तीन इवली हाडं तो आत पोचवतात. तिथं गोगलगाईच्या शंखासारख्या नळीत सुमारे १५ हजार केसपेशी असतात. त्या मेंदूला संदेश धाडतात. या पेशी मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही मर्यादा तज्ज्ञ सांगतात. मागाच्या शेडमधला आवाज नव्वदीपलीकडे जातो. आधी जातात ते बारीक स्वर: स, श, फ आणि लहान मुलांचे आवाज. म्हणून माणूस म्हणतो, ‘आवाज येतो, शब्द येत नाही.’ कापसाचा बोळा पुरत नाही. कानात नीट बसणारे फोमचे प्लग हवेत. ते मिळतात काही रुपयांत.

सगळं बहिरेपण असं कायमचं नसतं. साचलेला मळ, फुटलेला कान, पडद्याचं भोक यांवर इलाज आहे. मात्र कानात तेल, पिना घालू नका. अचानक एका कानानं ऐकू येईनासं झालं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. उपचाराची संधी थोड्या दिवसांचीच असते. बाळाचे कान पहिल्या महिन्यातच तपासून घ्या. ऐकलं नाही तर बोलणंही अडतं. यंत्रानं भागत नसेल, तर कॉक्लिअर इम्प्लांट आहे. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून या क्षेत्रात काम करते.

अब्बांना सत्तरीत श्रवणयंत्र मिळालं. पहिल्याच दिवशी भांड्यांच्या आवाजाला वैतागून त्यांनी ते काढून ठेवलं. मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात, हे आम्हाला सांगितलं होतं. म्हणून रोज थोडा वेळ लावायला लावलं.

महिन्याभरानं नातीनं मागून हाक मारली. अब्बांनी हळूच ‘ओ’ दिली.

त्यांचा हळू आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.