डांगच्या डोहांकडे

सुरतेच्या लिंबायत, उधना, पांडेसरा या वस्त्यांतून यंत्रमागांवर आणि कापडाच्या गिरण्यांत राबणारी जी हजारो खानदेशी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या येथे स्थिरावली आहेत, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या घरी वडीलधाऱ्यांच्या तोंडून एक आठवण हमखास ऐकू येते : गावच्या नदीच्या डोहात, पाठीला पांगाऱ्याच्या लाकडाचा बिंडा किंवा वाळलेला भोपळा बांधून, उन्हाळ्याच्या सुटीत पोहणे कसे शिकलो याची. नातवंडांना नदी ठाऊक आहे ती पुलावरून दिसणारी. वास्तविक जी तापी मध्य प्रदेशातील मुलताईला उगम पावून, खानदेशची भूमी भिजवीत, 724 किलोमीटरांचा प्रवास करून सुरतेपाशी सागरास मिळते, ती या माणसांच्या माहेराहूनच आलेली नदी होय. परंतु उकाईचे धरण, काकरापारचा बंधारा, शहराजवळचा सिंगणपूरचा बंधारा आणि दोन्ही तीरांवर दाटलेली महानगराची वस्ती यांच्यामधून जाणाऱ्या या नदीत निःशंकपणे उतरावे, अशी स्थिती आता राहिलेली नाही. म्हणून वाहत्या, निर्मळ पाण्यात अंग टाकण्याची ओढ ज्याच्या मनात अद्याप जिवंत आहे, तो सुरतकर आग्नेयेकडे, सह्याद्रीच्या उतरणीवर पसरलेल्या डांगच्या अरण्याकडे वळतो.

डांग हा गुजरात राज्याचा लहानसा जिल्हा, परंतु त्याची एक कड नाशिक जिल्ह्याला आणि दुसरी धुळे-नंदुरबारच्या बाजूला भिडलेली असल्यामुळे येथील भिल्ल, कोकणा, वारली आणि कुणबी समाजांच्या बोलीत मराठी माणसाला आपल्या घरची पुष्कळ शब्दसंपत्ती सापडते. 1842 साली येथील भिल्ल राजांकडून इंग्रजांनी सागवानाच्या जंगलाचा इजारा मिळवला. त्या व्यवहाराची स्मृती म्हणून होळीच्या सुमारास आहव्याला भरणाऱ्या डांग दरबारात गाढवी, आमाळा, वासुर्णा, दहेर आणि पिंपरी येथील पाच राजघराण्यांना आजही सालीना तनखा समारंभपूर्वक दिला जातो. जुन्या मुंबई राज्याचे विभाजन होऊन 1 मे 1960 रोजी दोन राज्ये अस्तित्वात आली, तेव्हा हा मुलूख गुजरातकडे गेला. नद्यांना मात्र राज्यांच्या हद्दी ठाऊक नसतात. अंबिका सुरगाणा तालुक्यातील डोंगरात उगम पावते आणि वघईवरून बिलीमोऱ्याच्या दिशेने जाते. पूर्णा महालच्या अरण्यातून वाट काढीत नवसारीला पोहोचते. खापरी आणि गिरा या त्यांच्या सहचरी होत. याच नद्यांनी सहस्रावधी वर्षे काळ्या पाषाणावर परिश्रम करून जी जलस्थाने निर्माण केली, त्यांना आपण डोह म्हणतो.

डोह कसा निर्माण होतो, हे जाणून घेतल्यावाचून त्याच्यात उतरणे म्हणजे घरधन्याची ओळख नसताना त्याच्या माजघरात शिरण्यासारखे आहे. दख्खनचा सारा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून बाहेर आलेल्या लाव्ह्याच्या थरांवर थर साचून बनलेला आहे. हे थर सारखे कठीण नसतात : काही अत्यंत टणक, तर काही सच्छिद्र आणि ठिसूळ. नदी टणक थरावरून वाहत येऊन त्याच्या कडेवरून खाली झेपावते, तेव्हा पायथ्याचा मृदू थर प्रथम झिजतो, वरचा कडा अधांतरी राहून कालांतराने कोसळतो, आणि प्रपाताच्या नित्य आघाताने त्याच्या तळाशी खोल कुंड कोरले जाते. याखेरीज दुसरीही एक क्रिया चालू असते. पात्रातील एखाद्या लहानशा खाचेत भोवऱ्याबरोबर गोटे अडकतात, पावसाळाभर तेथेच गरगर फिरत राहतात आणि जात्याप्रमाणे कातळ दळून त्यात रांजणाच्या आकाराचे खळगे पाडतात. पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या सीमेवर निघोजजवळ कुकडीच्या पात्रात असे रांजणखळगे विपुल आहेत, आणि ते पाहण्यासाठी दूरदूरहून माणसे जातात. डांगच्या पात्रांतही कातळ जेथे उघडा पडला आहे तेथे त्यांचे लहान-मोठे नमुने आढळतात. काठापासून दोन पावलांवर गुडघाभर पाणी आणि तिसऱ्या पावलाला पुरुषभराहून अधिक खोली, असा जो धोका डोहात संभवतो, त्याचे मूळ या रचनेतच आहे.

या मुलखात दोन हजार मिलिमीटरांच्या घरात पाऊस पडतो, तरी चैत्र-वैशाखात पाण्यासाठी वणवण होते, ही वरवर विसंगत भासणारी गोष्टही याच कातळाने घडवलेली आहे. घट्ट पाषाण पाणी पोटात फारसे मुरू देत नाही आणि तीव्र उतार ते थांबू देत नाही. नद्या आश्विनापर्यंत दुथडी वाहतात, पुढे क्षीण होतात, आणि उन्हाळ्यात धार तुटून पात्रात केवळ डोहांची एक विरळ मालिका उरते. मग मासे, खेकडे, कासवे यांचा सारा संसार त्या चार-दोन डोहांत एकवटतो. रानातील श्वापदे तेथेच तहान भागवतात, गुरे तेथेच येतात, आणि पावसाचे पहिले लोंढे आले की त्या डोहांतून बाहेर पडलेल्या माशांनी नदी पुन्हा नांदती होते. थोडक्यात, डोह ही नदीची शिल्लक आहे. आपल्या पूर्वजांना हे पक्के ठाऊक होते. महाराष्ट्रातील कित्येक खेड्यांत खोल डोहाच्या काठी साती आसरांची शेंदूर लावलेली स्थाने असतात, तेथे अवेळी जाऊ नये असा दंडक असतो. महाडजवळच्या वाळण कोंडात तर देवीच्या नावाने मासे राखून ठेवलेले आहेत आणि त्यांना कोणी धरत नाही. या श्रद्धेत भयाचा अंश आहे हे खरे, परंतु तिने दोन कार्ये एकाच वेळी साधली : माणसाला बुडण्यापासून वाचवले आणि माशांना माणसापासून.

सुरतेहून या बाजूस जाण्याचे मार्ग अनेक आहेत. नवसारी, चिखली, वांसदा या वाटेने वघईला जाता येते. व्यारामार्गे महालकडे पूर्णेच्या काठी पोहोचता येते. आणि सुरत जिल्ह्याच्याच हद्दीत उमरपाडा तालुक्यात देवघाटचा धबधबा आहे. ज्याला घाई नाही त्याच्यासाठी, सयाजीराव गायकवाडांच्या कारकिर्दीत बडोदे संस्थानाने डांगचे सागवान वाहून आणण्याकरिता घातलेला बिलीमोरा ते वघई हा 63 किलोमीटरांचा अरुंद मापाचा लोहमार्ग विशेष मनोज्ञ आहे. त्याच वाटेवर उनाईची उष्णोदकाची कुंडे लागतात. परंतु एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केली पाहिजे : जी स्थळे सर्वाधिक प्रसिद्ध आहेत ती पोहण्यासाठी सर्वाधिक अयोग्य आहेत. वघईजवळचा गिरा धबधबा आणि शंभर फुटांच्या घरातून कोसळणारा गिरमाळचा धबधबा ही नेत्रांनी सेवन करण्याची स्थळे होत. प्रपाताखालच्या फेसाळ पाण्यात हवेचे बुडबुडे इतके मिसळलेले असतात की ते पाणी शरीराला पुरेसे उचलून धरू शकत नाही, आणि वरून पडणारी धार तळाशी जाऊन पुन्हा प्रपाताकडेच वळत असल्यामुळे निष्णात पोहणाराही त्या चक्रात सापडतो. 2021 च्या जूनमध्ये डांगच्या प्रशासनाने जाहीरनामा काढून पावसाळ्यात नदी-नाल्यांत विनाकारण उतरण्यास, तसेच जिल्हाभर सेल्फी घेण्यास मनाई केली, तेव्हा अनेकांना तो हुकूम कडक वाटला. परंतु निसरड्या कातळावर छायाचित्रापायी गेलेल्या जिवांची ज्यांना कल्पना आहे, त्यांना तो न्याय्यच वाटेल.

डोहात उतरण्याचा खरा काळ दिवाळीनंतरचा. मार्गशीर्ष-पौषात पूर ओसरलेला असतो, गढूळपणा निवळलेला असतो, आणि पूर्णेच्या एखाद्या वळणावर, जांभूळ, करंज आणि अर्जुनसादड्याच्या छायेत, पाणी इतके स्वच्छ असते की तळाच्या गोट्यांवर पडलेली आपलीच सावली पाहता येते. सकाळी नऊच्या सुमारास ऊन पात्रात शिरते. तोवर काठावरच्या खडकाला हात लावला तर तो थंडगार लागतो, आणि तासाभराने तोच खडक अंग शेकण्यास योग्य होतो. पाण्यात पाय सोडून निश्चल बसावे, म्हणजे प्रथम बोटाएवढे मासे दबकत येतात, मग धीट होऊन टाचेची कातडी टोचू लागतात. पलीकडच्या फांदीवरचा खंड्या तिरका सूर मारून जातो, आणि कातळाच्या फटीतून पाणी झिरपताना जो बारीक नाद होतो तो, गलका थांबल्याबरोबर, स्पष्ट ऐकू येऊ लागतो. या सुखासाठी पोहता आलेच पाहिजे असे नाही. गळ्याइतक्या पाण्यात उभे राहून श्वास संथ होऊ दिला तरी आठवड्याचा शीण उतरतो.

मात्र ज्ञानावाचून हे सुख निर्वेध मिळत नाही. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे डोहाचा तळ वस्तुतः असतो त्याच्या तीन-चतुर्थांश खोलीवरच असल्याचा भास होतो : बारा फूट पाणी वरून पाहणाऱ्याला नऊ फुटांचे वाटते, आणि काठावरून तिरकस पाहणाऱ्याला त्याहूनही उथळ. म्हणून नजरेच्या अदमासावर विसंबून सूर मारू नये. प्रथम पायांनी, काठीने चाचपीत उतरावे. थंड पाण्यात एकदम शिरल्यास श्वास अनावरपणे धापेचा होतो, तेव्हा आधी हात-पाय, मग छाती भिजवावी. आपल्या डोक्यावर निरभ्र आकाश असले तरी उगमाकडच्या डोंगरांत पाऊस झालेला असू शकतो. पाणी अकस्मात गढूळले, त्यावर पाचोळा आणि काटक्या वाहू लागल्या किंवा धारेचा आवाज पालटला, तर वस्तू गोळा करण्यात क्षणही न दवडता उंच जागी जावे. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नये, कारण लेप्टोस्पायरोसिस हा प्राण्यांच्या मूत्रातून पाण्यात येणारा ज्वर दक्षिण गुजरातला 1994 पासून चांगलाच परिचित आहे. कोणी बुडू लागल्यास पोहण्यात तरबेज नसलेल्याने त्याच्यामागे उडी घेऊ नये. दोर, बांबू, प्रसंगी गाठ मारलेल्या साड्या त्याच्याकडे टाकाव्यात, कारण एकाला वाचवताना दोन-तीन जण बुडाल्याच्या वार्ता आपण दरवर्षी वाचतो. बाहेर काढलेल्या माणसाला उलटे धरून गरगर फिरवण्याची किंवा त्याचे पोट दाबण्याची जुनी रीत निरुपयोगी, किंबहुना घातक आहे. श्वास बंद असेल तर तत्काळ तोंडावाटे श्वास आणि छातीवर दाब देणे सुरू करावे व 108 क्रमांकाला खबर द्यावी.

या सर्व दक्षतेच्या मुळाशी एकच सूत्र आहे, आणि ते म्हणजे डोहाच्या काठी राहणाऱ्या माणसाला विचारणे. कोणत्या डोहात कपार आहे, कोणत्या बाजूला गाळ साचला आहे, यंदाच्या पुराने कोणता ओंडका तळाशी आणून रुतवला आहे, हे ज्ञान कोणत्याही नकाशात सापडत नाही. ते गुरे चारणाऱ्या पोराच्या आणि जाळे टाकणाऱ्या म्हाताऱ्याच्या ठायी असते. आपण शहरातली माणसे गाडी थेट काठाशी नेतो, ध्वनिवर्धक लावतो, आणि ज्याला विचारायचे त्याच्याकडे पाहतही नाही. वास्तविक गाडी गावातच उभी करून, चार शब्द बोलून, जमल्यास त्याच गावातील एखाद्याला योग्य मोबदला देऊन बरोबर घ्यावे. या भागात आदिवासी स्त्रियांच्या बचतगटांनी चालवलेली ‘नाहरी’ नावाची भोजनगृहे आहेत, तेथे नागलीची भाकरी आणि उडदाची डाळ मिळते. तेथेच जेवावे, म्हणजे काठावर पत्रावळी आणि प्लास्टिकच्या पिशव्यांची रास उरत नाही आणि आपला पैसाही योग्य हाती पडतो. ज्या डोहातले पाणी वैशाखात गावातली गुरे पिणार आहेत त्यात साबण लावून स्नान करणे, किंवा ज्या वाळूत मुले अनवाणी खेळणार आहेत तेथे काचेची बाटली फोडणे, याला अपराध हाच शब्द योग्य आहे, मग कायद्याच्या पुस्तकात त्याचे कलम असो वा नसो.

सुरतेतील मराठी पालकांना म्हणून एवढीच विनंती आहे की, मुलांना प्रथम शहरातील तरणतलावात शिक्षकाच्या देखरेखीखाली पोहणे शिकवावे, आणि मगच, पावसाळा पूर्ण सरल्यावर, त्यांना डांगच्या एखाद्या शांत डोहावर न्यावे. तेथे गेल्यावर पहिला प्रश्न त्यांनी गावकऱ्याला विचारावा, दुसरा पाण्याला; आणि दोहोंपैकी एकाचेही उत्तर नकारार्थी आले, तर काठावर बसून पाहण्यात आनंद मानावा.